अधांतरी मध्यम

पेटीवर सा, ग आणि प या तीन पट्ट्या एकत्र दाबल्या की पाश्चात्त्य संगीतातला मेजर कॉर्ड वाजतो. भरलेला, स्थिर, घरी पोचलेला. आता गंधारावरचे बोट उचलून लगतच्या शुद्ध मध्यमावर ठेवावे. सा-म-प असा जो संघात ऐकू येतो, तो सस्पेंडेड कॉर्ड. वाजवणारी मंडळी त्याला नुसते ‘सस’ म्हणतात. मेजर म्हणावा तर त्यात शुद्ध गंधार नाही, मायनर म्हणावा तर कोमल गंधारही नाही. पियानो किंवा गिटार शिकणाऱ्याला हा कॉर्ड पाच मिनिटांत दाखवता येतो. सॅक्सोफोन शिकणाऱ्यापुढे मात्र पेच उभा राहतो. त्याच्या वाद्यातून एका वेळी एकच स्वर निघतो, आणि समोरच्या कागदावर तर ‘सेव्हन सस’ असे लिहिलेले असते. एकेका स्वराच्या वाद्यावर चार स्वरांचा, तोही मुद्दाम अर्धवट ठेवलेला कॉर्ड वाजवायचा म्हणजे नेमके काय करायचे? या प्रश्नासाठी आपल्याला सॅक्सोफोनच्या जन्माच्या कितीतरी आधी, थेट नवव्या शतकापर्यंत मागे जावे लागते. कारण वाद्य पावणेदोनशे वर्षांचे असले तरी पेच त्याहून पुष्कळ जुना आहे.

त्या काळात युरोपातल्या ख्रिस्ती मठांमध्ये ‘म्युझिका एनकिरियाडिस’ नावाची एक लॅटिन पोथी वापरात होती. तिचा कर्ता अज्ञात आहे. प्रार्थनेच्या एका चालीखाली दुसरा आवाज कसा जोडावा हे ती शिकवते, आणि त्यासाठी जी अंतरे सुचवते त्यांत षड्ज-मध्यमाचे अंतर मानाच्या जागी आहे. एकाने चाल गावी, दुसऱ्याने तीच चाल चार स्वर खालून गावी, आणि दोघांनी बरोबरीने चालावे. ग्रीकांनी तारेच्या लांबीवरून काढलेले चारास तीन हे साधे गुणोत्तर मध्यमाच्या पाठीशी होते. गंधाराला तेव्हा फारसे कोणी विचारत नव्हते. पुढच्या पाच-सहाशे वर्षांत हा मामला उलटला. पंधराव्या शतकात गंधाराची गोडी युरोपच्या कानाला अशी लागली की खालच्या स्वरावर उभा असलेला मध्यम हळूहळू खटकू लागला. मध्यम होता तिथेच होता, कान बदलले. एकेकाळच्या घरंदाज स्वरावर विसंवादाचा शिक्का बसला आणि मैफलीत यायचेच असेल तर त्याने अटी पाळून यावे, असे ठरले.

त्या अटी सोळाव्या शतकात पक्क्या झाल्या. व्हेनिसमध्ये जोसेफो झार्लिनो यांनी १५५८ साली ‘ले इस्टिट्युशनी हार्मोनिके’ हा ग्रंथ छापला, आणि विसंवादाला कुठे, कसे आणि किती वेळ येऊ द्यायचे याची घडी त्यात घालून दिली. रीत अशी की गायकाने आधी सुसंवादी स्वर लावायचा. मग बाकीचे आवाज पुढच्या संघाताकडे सरकतात, पण हा मात्र आपला स्वर सोडत नाही. त्या क्षणी त्याचा स्वर इतरांशी भांडू लागतो. मग तो एक पायरी खाली उतरतो आणि भांडण मिटते. तयारी, अडकणे आणि उतरणे असे याचे तीन टप्पे. यातला मधला टप्पा म्हणजे सस्पेन्शन. लॅटिनमध्ये या शब्दाच्या मुळाशी टांगून ठेवण्याचा अर्थ आहे. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवू या, कारण पुढे सॅक्सोफोनवाल्याला तीच कामी येणार आहे. झार्लिनोंच्या काळात हा कॉर्ड नव्हताच. ती एका गायकाची एक कृती होती. सगळे निघाले तरी एकाने रेंगाळायचे, इतकेच. रचनाकार पॅलेस्ट्रिनाच्या मास या प्रार्थनासंगीतात ओळीच्या शेवटी मध्यम असा गंधारावर उतरताना ऐकू येतो, तेव्हा त्यात कोणाच्या हातांनी एकदम दाबलेला संघात नसतो. असते ती एकट्या आवाजाची चाल.

सतराव्या शतकात वाद्ये पुढे आली आणि हे रेंगाळणे एक चैन बनले. आर्कांजेलो कोरेली यांच्या त्रिवाद्य सोनाटांचा पहिला संच १६८१ साली रोममध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन व्हायोलिने आळीपाळीने एकमेकांना अडकवत साखळीसारखी खाली उतरतात. या साखळीचे सर्वांत हृदयद्रावक रूप ऐकायचे तर पर्गोलेसींच्या ‘स्टाबाट माटेर’ची सुरुवात ऐकावी. १७३६ साली हे काम संपवून ते अवघ्या सव्वीसाव्या वर्षी वारले. याच काळात ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्ड वाजवणाऱ्यांच्या सोयीसाठी खर्जाच्या स्वराशेजारी आकडे लिहिण्याची पद्धत रुळली. चार आणि त्यानंतर तीन असे आकडे दिसले की खर्जापासूनचा चौथा स्वर दाबून तिसऱ्यावर यायचे. आज गिटारच्या पुस्तकात ‘सस फोर’ लिहिलेले आपण पाहतो, त्यातला चार तोच आहे. फक्त त्याच्यामागून येणारा तीन वाटेत कुठेतरी गळून पडला. तो कसा गळाला, हीच खरे तर या मागोव्यातली कळीची गोष्ट.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, तीन वर्षांच्या अंतराने, दोन पुस्तके निघाली. १७२२ साली फ्रान्समध्ये जाँ-फिलिप रामो यांनी हार्मनीवरचा आपला प्रबंध छापला. त्यांनी संगीताकडे उभे पाहिले. प्रत्येक क्षणी वरपासून खालपर्यंत कोणते स्वर एकत्र वाजत आहेत, त्यांचा मूळ स्वर कोणता, हे त्यांचे प्रश्न. अडकलेल्या स्वरालाही त्यांनी कॉर्डच्या हिशेबात बसवले. १७२५ साली व्हिएन्नात योहान योसेफ फुक्स यांचे ‘ग्रॅडुस अ‍ॅड पार्नासुम’ निघाले. हे पुस्तक लॅटिनमध्ये, गुरू अलोयसियस आणि शिष्य योसेफस यांच्या संवादातून लिहिलेले आहे, आणि त्यातला गुरू म्हणजे पॅलेस्ट्रिना. फुक्स यांनी संगीताकडे आडवे पाहिले. त्यांच्या पाच पायऱ्यांतली चौथी पायरी केवळ या अडकवण्याची आहे. शिष्याने प्रत्येक बारच्या रेषेवरून स्वर ओढून न्यायचा, पलीकडे तो विसंवादी झाला की एक पायरी खाली उतरवायचा, आणि हेच पुन्हा पुन्हा करायचे. हायडन यांनी या पुस्तकावरून स्वतःला घडवले आणि पुढे तरुण बीथोव्हेनकडूनही तेच धडे गिरवून घेतले. तरीही पुढच्या दोन शतकांत जिंकले ते रामोच. पियानो घरोघरी पोचला, आणि ज्याच्यापुढे पियानो असतो त्याला संगीत उभेच दिसते. गायकाचे रेंगाळणे आता दहा बोटांखालचा एक आकार झाले.

आता आपण बेल्जियमकडे वळू. म्यूज नदीकाठच्या दिनाँ गावी १८१४ साली अ‍ॅडॉल्फ सॅक्स यांचा जन्म झाला. वडील वाद्ये बनवणारे. मुलगा १८४२ साली पॅरिसला गेला आणि त्याच वर्षी संगीतकार बर्लिओझ यांनी वर्तमानपत्रात त्याच्या नव्या वाद्याचे मोकळ्या मनाने कौतुक केले. १८४६ साली सॅक्सोफोनचे पेटंट झाले. त्यात प्रत्येकी सात आकारांची दोन कुटुंबे, म्हणजे चौदा वाद्ये कल्पिलेली होती. अंग पितळी, पण तोंडाशी क्लॅरिनेटसारखी वेताची रीड. नळी मात्र क्लॅरिनेटसारखी सरळसोट नसून खालपर्यंत रुंदावत जाणारी. या रुंदावण्याचा एक मोठा परिणाम असा की फुंकेचा जोर आणि सप्तकाची चावी यांच्या मदतीने स्वर बरोबर एका सप्तकाने वर जातो. क्लॅरिनेटमध्ये तो सप्तक आणि वर पंचम अशी उडी मारतो. त्यामुळे सॅक्सोफोनवर खालच्या आणि वरच्या सप्तकात बोटे जवळपास तीच राहतात, आणि एखादी आकृती हाताला बसली की ती वाद्यभर फिरवता येते. सॅक्स यांनी पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटॉरमध्ये १८५७ पासून १८७० पर्यंत हे वाद्य शिकवले. मग युद्ध आले, वर्ग बंद पडला, आणि तो पुन्हा सुरू व्हायला १९४२ साल उजाडले. तोवर सॅक्स यांना जाऊन अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती. अनेकदा दिवाळे निघालेला हा कारागीर १८९४ साली वारला, तेव्हा त्याचे वाद्य प्रामुख्याने लष्करी बँडमध्ये वाजत होते.

मध्यमाच्या सुटकेचे वारे त्याच पॅरिसमध्ये वाहू लागले होते. एरिक साती यांनी १८९१ साली ‘ल फिस देझेत्वाल’साठी लिहिलेल्या संगीतात मध्यमावर मध्यम रचून संघात उभे केले आणि त्यांना कुठेच उतरवले नाही. पुढे दबुसी यांनी त्या मोकळ्या जागेत घर केले. इथे एक मजेदार गाठ पडते. बॉस्टनच्या एलिझ हॉल या श्रीमंत बाईंनी सॅक्सोफोन हाती धरला होता आणि त्यांच्या वाद्यासाठी वाजवण्याजोगे काही नव्हते. त्यांनी दबुसींना आगाऊ पैसे देऊन रचना मागवली. दबुसी वर्षानुवर्षे टाळत राहिले. सॅक्सोफोनवाल्या बाई पत्रांतून आठवण करून देत राहिल्या आणि हे कुरकुरत राहिले. अखेर आराखड्याच्या रूपात झालेली ‘रॅप्सोडी’ दबुसींच्या मृत्यूनंतर, १९१९ साली, रोजे-द्युकास यांनी पूर्ण केलेल्या वाद्यवृंदासह वाजली. उतरायला नकार देणारी हार्मनी आणि सॅक्सोफोन यांची इतकी जवळची भेट आधी झाली नव्हती. पण ती पाहुण्यांसारखी भेट होती. घरोबा व्हायला अमेरिकाच लागली.

अमेरिकेत सॅक्सोफोन बँडमधून नाचघरात आणि नाचघरातून जॅझमध्ये आला, ही कथा पुष्कळांना ठाऊक आहे, म्हणून आपण ती ओलांडून ११ ऑक्टोबर १९३९ या दिवसाशी थांबू. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये कोलमन हॉकिन्स यांनी टेनर सॅक्सोफोनवर ‘बॉडी अँड सोल’ ध्वनिमुद्रित केले. मूळ चाल त्यांनी जेमतेम सूचित केली, आणि उरलेला सारा वेळ प्रत्येक कॉर्डचे स्वर एकामागून एक उलगडत नेले. एका स्वराचे वाद्य कॉर्ड ‘वाजवू’ शकते, फक्त ते काळात पसरून वाजवावे लागते, हे त्या तीन मिनिटांनी सिद्ध केले. चार्ली पार्कर यांच्या पिढीने हेच अफाट वेगाने केले. मात्र या दोन्ही पिढ्यांत कॉर्ड सतत घराकडे धावत होते. वाटेत मध्यम आला तर फुक्स यांच्या शिष्याप्रमाणेच तोही गंधारावर उतरत होता.

ही धाव १९५९ साली थांबली. न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या आर्मेनियन चर्चच्या इमारतीत कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ होता. तिथे माइल्स डेव्हिस यांनी मार्च आणि एप्रिल महिन्यांत ‘काइंड ऑफ ब्लू’ ध्वनिमुद्रित केले. त्यातल्या ‘सो व्हॉट’मध्ये पियानोवर बिल एव्हन्स जो दोन ठोक्यांचा प्रतिसाद देतात, त्याच्या स्वरांत खालून वर तीन मध्यमांतरे आणि माथ्यावर एक गंधारांतर आहे. सोळा बार एकाच स्वरमालेवर राहायचे, असा तिथे बेत होता. कॅननबॉल अ‍ॅडर्ली अल्टोवर आणि जॉन कोल्ट्रेन टेनरवर होते. पुढच्याच वर्षी कोल्ट्रेन यांनी आपला चमू उभारला आणि पियानोवर फिलाडेल्फियाच्या मॅकॉय टायनर यांना घेतले. टायनर डाव्या हाताने खर्ज-पंचमाचा ठोका देत आणि उजव्या हाताने मध्यमांतरांचे मनोरे रचत. गंधार लपलेला, म्हणून सॅक्सोफोनला कुठेही जायची मुभा. ऑक्टोबर १९६०मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘माय फेव्हरिट थिंग्ज’मध्ये आपण हे ऐकू शकतो. कोल्ट्रेन या काळात रविशंकरांच्या ध्वनिमुद्रिका मन लावून ऐकत होते. १९६१ साली त्यांनी एका रचनेला ‘इंडिया’ हे नाव दिले आणि १९६५ साली जन्मलेल्या मुलाचे नाव रवी ठेवले. खाली एक न हलणारा स्वर आणि वर वाटेल तितका विस्तार, ही तंबोऱ्याची व्यवस्था त्यांना जवळची वाटली असणार, असे मला वाटते.

आणि मग १७ मार्च १९६५. न्यू जर्सीतल्या एंगलवुड क्लिफ्स येथे रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत चोवीस वर्षांचे हर्बी हॅनकॉक ‘मेडन व्हॉयेज’ ध्वनिमुद्रित करायला बसले. टेनरवर मेम्फिसचे जॉर्ज कोलमन, ट्रम्पेटवर फ्रेडी हबर्ड, बेसवर रॉन कार्टर, ड्रमवर टोनी विल्यम्स. धून मुळात दूरचित्रवाणीवरच्या एका जाहिरातीसाठी सुचलेली. बत्तीस बारच्या या रचनेत कॉर्ड फक्त चार, प्रत्येक चार-चार बार टिकणारा, आणि त्यांतले तीन सस. एकही उतरत नाही. एक अडकलेला संघात सरकून दुसऱ्या अडकलेल्या संघातात जातो, होडी धक्क्याला न लागता प्रवाहाबरोबर वळावी तशी. कोरेलींच्या आकड्यांतला तीन इथे कायमचा गळाला. जो क्षण झार्लिनोंच्या हिशेबात वाटेवरचा होता, तोच आता मुक्कामाचे ठिकाण झाला. माझ्या मते या दीर्घ इतिहासातले खरे वळण हेच. त्यामानाने साती आणि दबुसी यांनी फक्त कुंपण ओलांडून पाहिले होते. त्याच वर्षी शिकागोचे टेनरवादक एडी हॅरिस यांनी ‘फ्रीडम जॅझ डान्स’ काढली, जिची चालच मध्यमांतरांच्या उड्यांची आहे. पियानोवर उभे असलेले मनोरे सॅक्सोफोनने तिथे आडवे पाडले.

आता आपण पहिल्या प्रश्नाकडे येऊ. ‘मेडन व्हॉयेज’ शिकायला बसलेल्या विद्यार्थ्याचा पहिला अडथळा लिपीचा आहे. पियानोवर जो स्वर डी, तो टेनरवाल्याच्या कागदावर ई आणि अल्टोवाल्याच्या कागदावर बी, कारण या वाद्यांचे कुटुंबच तसे बांधलेले आहे. ते उलगडले की शिक्षक सहसा एक सोपी युक्ती सांगतात: खर्जाच्या पंचमावर मायनर सेव्हन्थ कॉर्ड उभा करून त्याचे स्वर वाजव. टेनरवर म्हणजे बी, डी, एफ शार्प, ए. मूळ स्वर बेसवाला सांभाळतो आहेच. त्यात खर्ज मिळवला की पाच स्वर होतात, आणि मराठी वाचकाने ते आपल्या नावांनी म्हणून पाहावेत: सा, रे, म, प, कोमल नि. गंधार नाही, धैवत नाही. मधमाद सारंगाचे हेच स्वर. अर्थात स्वर तेच असले म्हणून राग आणि कॉर्ड सगोत्र होत नाहीत. सारंगात रिषभावरचा ठहराव, स्वरांची ये-जा, दुपारची वेळ असे पुष्कळ काही आहे, आणि कॉर्डला त्यातले काहीच नको असते. पण ज्याने सारंग ऐकला आहे त्याच्या कानाला गंधाराशिवाय करमते, हे खरे.

दुसरी गंमत रचनेची आहे. हेच पाच स्वर रे, प, सा, म, नि अशा क्रमाने लावले तर प्रत्येक पायरी नेमकी मध्यमांतराची येते. टायनर यांचा अख्खा मनोरा. टेनरवर तो चढताना बोटांची कशी त्रेधा उडते ते पाहा. खालचा एफ शार्प चार बोटांचा. लगेच बी, जो फक्त डाव्या तर्जनीचा. मग ई, त्यासाठी एकदम पाच बोटे आणि अंगठ्याखाली सप्तकाची चावी. मग ए, पुन्हा दोनच बोटे, आणि इथे वाद्याच्या आत फुंकेचे छिद्र आपोआप बदलते. धडावरचे मिटते, मानेवरचे उघडते. शेवटचा डी तर डाव्या तळहाताने दाबायच्या चावीचा. पियानोवर हाताचा एक पंजा उघडला की झाले. इथे पाच स्वरांना पाच निरनिराळ्या मुठी. म्हणून शिकणारे हे मनोरे बाराही स्वरांवरून महिनोन्‌महिने, मंद लयीत घोटतात. कोणी विचारेल की एका वाद्यातून एकदम अनेक स्वर काढताच येत नाहीत का? येतात. कोल्ट्रेन यांनी ‘हार्मोनिक’ या रचनेत ते केले आहे, आणि डॅनियल कीन्झी यांनी १९८२ साली अशा बहुस्वरांची तपशीलवार सूचीच छापली. पण ते स्वर खरखरीत आणि हट्टी असतात. हवा तोच कॉर्ड हवा तेव्हा देत नाहीत. चार सॅक्सोफोन एकत्र आणण्याची वाट मार्सेल म्यूल यांच्या चौकडीने १९२८ सालीच दाखवली होती. ती उत्तम आहे, पण तीन मित्र लागतात.

आपल्याकडे सॅक्सोफोन आणि कॉर्ड यांची ही विद्या आली ती गोव्याच्या वाटेने. पोर्तुगीज काळात तिथल्या पॅरिश शाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवत, आणि त्या शाळांतून बाहेर पडलेले वादक मुंबईच्या हॉटेलांत, मूकपटांच्या थिएटरांत आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत पोचले. ब्राझ गोन्साल्विस यांच्यासारखा गोमंतकीय सॅक्सोफोनवादक त्याच परंपरेतला; जॅझच्या चौकटीत रागाचे स्वर आणण्याचा प्रयत्न त्यांनी मुंबईत राहून केला. अमेरिकन टेनरवादक सनी रोलिन्स साठच्या दशकाच्या उत्तरार्धात पवईच्या आश्रमात राहून गेले आणि १९७८ साली मुंबईच्या पहिल्या ‘जॅझ यात्रे’त वाजवायलाही आले.

हल्ली शिकणारी मुले फोनवरचा तंबोरा लावून सराव करतात, आणि त्यात एक बारीक अडचण आहे. जवारी चांगली लागलेल्या तंबोऱ्यात, कोणी छेडलेला नसतानाही, खर्जातून गंधार उमटतो. आपले गायक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. म्हणजे सॅक्सोफोनवर मध्यम धरून उभे राहावे, तर खालून गंधार बोलावतच असतो. काही शिक्षक म्हणतात, हे टाळा. मार्क लेव्हिन यांनी १९९५च्या आपल्या जॅझ थिअरीच्या पुस्तकात मात्र सस कॉर्डमध्ये गंधार चालतो, असे सांगितले आहे. मला वाटते, शिकणाऱ्याने तंबोरा बंद करू नये. मध्यम लावावा, बारच्या रेषेपलीकडे ओढावा, तो खुपू लागला की थोडे थांबावे. मग एकदा गंधारावर उतरून पाहावे आणि एकदा न उतरता तसेच राहून पाहावे. यातला पहिला अर्धा भाग फुक्स यांच्या चौथ्या पायरीचा आहे आणि दुसरा हॅनकॉक यांचा. २०२५ साली फुक्स यांच्या पुस्तकाला ३०० वर्षे झाली, ‘मेडन व्हॉयेज’ला ६०.